न पाहिलेल्या खेळाचा निवाडा

सायंकाळची आरती आटोपते, तीर्थप्रसाद वाटला जातो आणि देवळाच्या सभामंडपात वडीलधाऱ्यांची बैठक जमते. ह्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. बाहेर पायऱ्यांवर मुले हातांतील यंत्रात डोके खुपसून बसलेली असतात. त्यांच्याकडे बोट दाखवून कोणी तरी उद्गारतो, की ह्या पडद्यावरच्या खेळांनी पिढी बुडविली. बाकीचे माना डोलावतात आणि निवाडा होऊन जातो. आरोपीचे नाव कोणी विचारीत नाही, साक्षीपुरावा कोणी काढीत नाही. त्याचे म्हणणे ऐकून घेण्याची तर गोष्टच नको. गावच्या वहिवाटीच्या तंट्यात देखील आपण दोन्ही पक्षांस बोलावतो. येथे मात्र एकतर्फी हुकूमनामा सुटतो.

ह्या हुकूमनाम्याशी आमचे भांडण आहे आणि ते आज आम्ही उघडपणे मांडणार आहो. मुलांनी अभ्यास, झोप आणि घरच्यांशी बोलणे सोडून रात्ररात्र खेळत बसावे, असे आमचे म्हणणे नाही. व्यसन ते व्यसन, मग ते पत्त्यांचे असो वा पडद्याचे. आमचे म्हणणे एवढेच, की 'खेळ' ह्या एका शब्दाखाली सर्वांस एकाच फासावर लटकविणे हा न्याय नव्हे, तो आळस आहे. ग्रंथांत भले-बुरे असतात, नाटकांत असतात, कीर्तनकारांतही असतात. तसे ते ह्या खेळांतही आहेत. त्यांची पारख करावयाची, तर पडद्यावर काय दिसते एवढे पाहून भागणार नाही. तो खेळ खेळणाऱ्याच्या कोणत्या कृत्यांचा हिशेब ठेवतो, हे पाहावे लागेल.

उदाहरणावाचून केलेला वाद वाऱ्यावर जातो, म्हणून एकच खेळ घेऊ. त्याचे नाव 'मेट्रो २०३३'. युक्रेनची राजधानी कीव्ह येथील 'फोर ए गेम्स' ह्या मंडळीने तो घडविला आणि मार्च २०१० मध्ये तो बाजारात आला. त्यास आधार आहे दिमित्री ग्लुखोव्स्की ह्या मॉस्कोच्या लेखकाच्या त्याच नावाच्या कादंबरीचा. ही कादंबरी लेखकाने २००२ मध्ये प्रथम इंटरनेटवर सर्वांस वाचावयास खुली केली आणि २००५ मध्ये ती पुस्तकरूपाने निघाली. आमच्या बोटांत ह्या खेळास लागणारी चपळाई नाही. म्हणून एका तरुणाच्या शेजारी बसून तो आम्ही आरंभापासून शेवटापर्यंत पाहिला. जे लिहीत आहो ते पाहून लिहीत आहो, एवढाच आमचा अधिकार.

कथेची मांडणी अशी. २०१३ साली अणुयुद्ध झाले आणि मॉस्को शहर जळून गेले. जी माणसे त्या घटकेस जमिनीखालच्या रेल्वेत होती किंवा तेथवर पोहोचू शकली, तेवढीच वाचली. वरची हवा विषारी झाली. मुखवटा चढविल्यावाचून आणि त्याची गाळणी वेळोवेळी बदलल्यावाचून वर श्वास घेता येत नाही. वीस वर्षे उलटली आहेत. फलाटांवर पत्र्याच्या आणि फळकुटांच्या खोल्या उभ्या आहेत. बोगद्यांत अळंबी पिकते, डुकरे पाळली जातात. हाताने दाबून चालणाऱ्या यंत्रावर विजेरी पेटते. पुष्कळ मुले अशी आहेत, की त्यांनी आकाश पाहिल्याचे त्यांना आठवत नाही. अशाच एका स्थानकात वाढलेला आर्त्योम नावाचा तरुण आपल्या लोकांवर आलेल्या संकटाची वार्ता घेऊन एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकाकडे निघतो. त्याचा हा प्रवास म्हणजेच खेळ.

भविष्यकाळातील हे स्थानक कोणा विक्षिप्ताच्या डोक्यातून निघाले, असे समजणाऱ्यांनी गेल्या शतकाचा इतिहास पाहावा. मॉस्कोची भुयारी रेल्वे १५ मे १९३५ रोजी सुरू झाली. संगमरवर, झुंबरे आणि रंगीत काचतुकड्यांची चित्रे यांनी सजविलेली ही स्थानके म्हणजे श्रमिकांचे राजवाडे, असे तेव्हाचे सरकार जगास सांगत होते. पुढे सहाच वर्षांत जर्मन विमाने शहरावर घिरट्या घालू लागली आणि त्याच राजवाड्यांच्या फरशीवर बायामुले अंथरूण टाकून रात्री काढू लागली. १९३८ साली उघडलेल्या मायाकोव्स्काया ह्या देखण्या स्थानकात ६ नोव्हेंबर १९४१ रोजी स्टालिनने सभा घेऊन भाषण केले, कारण शत्रू शहराच्या वेशीवर येऊन ठेपला होता आणि जमिनीवर तशी सभा भरविणे धोक्याचे झाले होते.

लंडनची कथा तर अधिक बोलकी आहे. सप्टेंबर १९४० मध्ये त्या शहरावर रात्रंदिवस बॉम्ब पडू लागले, तेव्हा भुयारी स्थानकांचा निवाऱ्यासाठी उपयोग करू देण्यास सरकारचा प्रथम विरोध होता. लोकांनी युक्ती केली. ते स्वस्तात स्वस्त तिकीट काढून खाली उतरले आणि वर येण्याचे नाकारून फलाटावर बसून राहिले. शेवटी सरकारास नमावे लागले. पण निवारा मिळाला म्हणून सर्व काही साधले असेही नाही. ३ मार्च १९४३ च्या रात्री बेथनल ग्रीन स्थानकाच्या अंधाऱ्या जिन्यावर चेंगराचेंगरी होऊन १७३ माणसे दगावली, आणि त्या रात्री त्या जागी एकही बॉम्ब पडला नव्हता. भुयाराचे दार उघडे असणे एक, आणि त्या दारातून माणसाने माणसास सांभाळून आत नेणे दुसरे, हा भेद त्या जिन्याने शिकविला.

'मेट्रो २०३३' चा विषय नेमका हाच भेद आहे. युद्धातून वाचलेल्या माणसांनी भुयारात काय केले? त्यांनी स्थानकांची राज्ये केली. वर्तुळाकार मार्ग धनिक व्यापाऱ्यांच्या संघाने बळकावला. तेथे कागदपत्रांवाचून प्रवेश नाही. एका मार्गावर साम्यवादी बसले, त्यांच्या समोर नाझींचे वारस म्हणविणारे. आणि ज्या युद्धाने जग जाळले, त्याच युद्धाची लहानशी प्रत दोघांनी एका बोगद्यात चालू ठेवली आहे. भुयारातील चलन म्हणजे काडतूस. युद्धापूर्वीच्या कारखान्यांत बनलेली अस्सल काडतुसे हाच पैसा. भाकरी त्यानेच विकत घ्यावयाची आणि जीवावर बेतले तर तीच काडतुसे बंदुकीत भरावयाची. अर्थशास्त्राचे व्याख्यान न देता हा खेळ मुलाच्या हाती असे नाणे देतो, की जे खर्चताना प्रत्येक वेळी त्यास विचार पडावा: ह्याची भाकरी घेऊ की ह्याने माणूस मारू?

आमच्या वाचकांस ऐकून नवल वाटेल अशी एक गोष्ट येथे सांगण्याजोगी आहे. मॉस्कोतील लेनिन ग्रंथालयाच्या परिसरातील चार स्थानकांचे मिळून ह्या कथेत एक नगरराज्य आहे, आणि कादंबरीत तेथील ग्रंथ राखणाऱ्या वर्गास 'ब्राह्मण' व शस्त्र धरणाऱ्या वर्गास 'क्षत्रिय' अशी नावे लेखकाने दिली आहेत. विद्या आणि शौर्य दोन्ही जेथे नांदतात असे हे स्थान. सर्व भुयाराची आशा त्याच्यावर. आर्त्योम नाना संकटे ओलांडून तेथे पोहोचतो, सभेपुढे आपल्या लोकांचे गाऱ्हाणे मांडतो, आणि ती सभा विचारविनिमय करून मदत नाकारते. आमची प्राचीन नावे धारण करणाऱ्या त्या सभेचे हे वर्तन वाचून आम्हांस राग येण्याऐवजी थोडी लाज वाटली, हे आम्ही लपवीत नाही. ज्ञान राखणे आणि ज्ञानाने वागणे ह्यांतील अंतर त्या परदेशी लेखकास दिसले; आपल्या सभामंडपांत ते आपणांस दिसते काय?

आता पूर्वपक्ष ऐकू. तो म्हणतो: "हे सारे खरे असेल, पण ह्या खेळात बंदुका आहेत, रक्त आहे, मारधाड आहे. असल्या गोष्टी पाहून मुलांची मने निबर होणार नाहीत काय?"

हा आक्षेप पोकळ नाही, म्हणून त्यास उडवून लावणे बरे नव्हे. प्रथम हे सांगितले पाहिजे, की हा खेळ लहान मुलांसाठी नाहीच. अमेरिकेतील वर्गीकरणात तो १७ वर्षे व त्यापुढील वयासाठी ठरविलेला आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती तो दिला तर दोष देणाऱ्याचा. पण वयात आलेल्या तरुणाबद्दल बोलत असाल, तर आम्ही विचारतो: जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतारी नाटक रंगते, तेव्हा संकासुर मारला जातोच ना? दिवाळीच्या पहाटे गोव्यात गावोगाव नरकासुराचे पुतळे जाळतात, त्यांस हाती धरून नाचविणारी कोण, मुलेच ना? महाभारत तर साऱ्या कुलाच्या संहाराची कथा. ती मुलांस ऐकवू नये असे कोणा पुराणिकाने म्हटले आहे काय? वध दाखविला म्हणून कथा त्याज्य ठरत नाही. वध कशासाठी, त्याचे फळ काय आणि तो करणाऱ्याच्या अंतःकरणात पुढे काय उरते, हे जी कथा सांगत नाही ती त्याज्य. हाच गज घेऊन आपण ह्या खेळाचे माप घेऊ.

ह्या खेळाच्या पोटात एक गुप्त खातेवही आहे. खेळणाऱ्यास तिच्याविषयी कोणी काही सांगत नाही. फलाटाच्या कोपऱ्यात भीक मागणाऱ्यास तुम्ही एक काडतूस दिले, तर त्याची नोंद होते. लोक आपसांत बोलत असता घाईने पुढे न जाता उभे राहून त्यांचे दुःख ऐकले, तर त्याची नोंद होते. एका उद्ध्वस्त स्थानकात एक पोर आपल्या मेलेल्या वडीलधाऱ्याजवळ बसलेले आढळते. त्यास पाठीवर घेऊन चालावे लागते, त्याच्या भाराने बंदुकीचा नेम हलतो आणि स्वतःचा जीव धोक्यात येतो. पोर आईपाशी पोहोचते आणि ती माउली आपल्या जवळची काडतुसे बक्षीस म्हणून पुढे करते. ती घेतली तरी कोणी दोष देत नाही. नाकारली तर मात्र वहीत एक ओळ वाढते. कधी पडद्यावर क्षणभर उजेड लकाकतो, कानी मंद ध्वनी येतो. त्याचा अर्थ सांगणारा तेथे कोणी नाही. गुण नाहीत, पदक नाही, शाबासकी नाही. फळाची वार्ता न देता केवळ कर्म मागणारा हा हिशेब आहे, आणि तो कोठल्या शिकवणीच्या जवळ जातो हे देवळात बसणाऱ्यांस आम्ही सांगावयास नको.

ही वही उघडते शेवटी. कथेत भुयारावर चालून येणारे काही अनोळखी जीव आहेत. अंधारातून येणारे, भाषा न कळणारे, ज्यांच्या जवळ गेलेल्या माणसाचे भान हरपते असे. सर्वांची खात्री, की हे शत्रू आहेत. त्यांच्या वसतीवर क्षेपणास्त्रे सोडावयाची ठरतात आणि नेम दाखविणारे यंत्र आर्त्योमने ओस्तान्किनोच्या उंच मनोऱ्यावर चढून बसवावयाचे असते. वाटेत वारंवार त्यास भास होतात आणि लक्ष देणाऱ्यास हळूहळू कळते, की ते जीव मारण्यास आले नव्हते, बोलू पाहत होते. मनोऱ्याच्या माथ्यावर, अस्त्रे सुटण्याच्या क्षणी, ज्याच्या खात्यावर पुरेशी दया जमा आहे त्यालाच ते यंत्र मोडून संहार थांबविण्याची संधी मिळते. बाकीच्यांस ती दिसतही नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत सारी वसती जळते आणि खेळ संपतो. पुढील भाग २०१३ मध्ये निघाला. तो ही वसती जळाली असे धरूनच चालतो आणि त्याचा नायक त्या कृत्याच्या पश्चात्तापाने पोळलेला आहे.

हे पाहताना आम्हांस सौप्तिकपर्व आठवले. झोपलेल्या पांडवसैन्याचा रात्री घात करून अश्वत्थामा पळाला. पुढे कोंडीत सापडताच त्याने ब्रह्मशिर अस्त्र सोडले आणि त्याच्या निवारणासाठी अर्जुनानेही सोडले. ऋषींनी दोघांस अस्त्रे आवरण्यास सांगितले. अर्जुनाने आपले परत घेतले, कारण तो व्रतस्थ होता, सत्याने वागलेला होता. अश्वत्थाम्यास ते जमले नाही. त्याचे अस्त्र पांडवस्त्रियांच्या गर्भांवर गेले. अस्त्र सोडणे कोणासही साधते. ते आवरण्याचे सामर्थ्य मात्र आधीच्या आचरणातून येते, ऐन वेळी ते मागून मिळत नाही. कीव्हच्या त्या कारागिरांनी महाभारत वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. आपल्या पुराणिकांनी शतकानुशतके सांगितलेला अर्थ आज एखाद्या पोरास पडद्यावर भेटत असेल, तर त्या पडद्यावर थुंकण्यापूर्वी आपण जरा थांबावे, एवढेच आमचे मागणे.

दुसरा एक पूर्वपक्ष आहे. तो वडिलांचा नव्हे, तरुणांचा. ते म्हणतात: "एवढे गंभीर कशाला होता? खेळ तो खेळ. घटकाभर करमणूक." ह्या मंडळीशीही आमचे तितकेच भांडण आहे. वडील न पाहता दोष देतात; हे पाहूनही विचार करीत नाहीत.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये घुसले. ज्या कीव्ह शहरात बसून ह्या कारागिरांनी फलाटांवर राहणाऱ्या माणसांचे भविष्य चितारले होते, त्याच शहरातील हजारो माणसे त्या दिवशी गाठोडी, पांघरुणे आणि पाळीव मांजरे घेऊन भुयारी स्थानकांत उतरली. तेथील आर्सेनाल्ना हे १९६० साली उघडलेले स्थानक १०५ मीटरांहून अधिक खोल, जगातील सर्वांत खोल स्थानकांपैकी एक. सरकत्या जिन्याने तळाशी जाण्यास कित्येक मिनिटे लागतात. खारकीव्ह शहरात तर लोक केवळ रात्री काढून थांबले नाहीत. कित्येक कुटुंबे आठवडेच्या आठवडे स्थानकांत राहिली. गाड्या बंदच होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या २४ मे २०२२ रोजी. पुढे २०२३ च्या सप्टेंबरात त्या शहराने स्थानकांतच शाळेचे वर्ग उघडले, कारण जमिनीवरच्या शाळा क्षेपणास्त्रांच्या माऱ्यात होत्या. मुले धडे गिरवीत आहेत आणि शेजारच्या रुळांवरून गाडी जात आहे, हे चित्र कोणा खेळातले नव्हे.

आणि मूळ कादंबरीकाराचे काय झाले? ग्लुखोव्स्की रशियन, त्याच्याच देशाने हे युद्ध पुकारले. त्याने त्याचा उघड निषेध केला. २०२२ मध्ये त्याच्या अटकेचा हुकूम निघाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने, तो देशाबाहेर असता, सैन्याविषयी खोटी माहिती पसरविल्याच्या आरोपाखाली त्यास आठ वर्षांची शिक्षा ठोठावली. एका रशियन माणसाने कथा लिहिली, युक्रेनी माणसांनी तिचा खेळ केला. दोघांच्या देशांत रणधुमाळी माजली असता दोघांनीही अस्त्र सोडणाऱ्याच्या बाजूस उभे राहण्याचे नाकारले. ज्या कथेसाठी माणसे एवढी किंमत देतात, तिला 'घटकाभर करमणूक' म्हणणाऱ्या तरुणांनी ती पुन्हा एकदा, डोळे उघडे ठेवून, खेळून पाहावी.

आम्ही वकिली करीत आहो म्हणून अशिलाचे दोष झाकणार नाही. ह्या खेळाचा बराच काळ गोळीबारात आणि विद्रूप प्राण्यांशी झुंजण्यात जातो. धिमेपणाने ऐकणारा जेवढे मिळवितो, त्याहून झटपट मारणाऱ्याचे हात अधिक रमतात, हे खरे. गुप्त खातेवहीत दयेबरोबर भलत्या गोष्टींचीही भर पडते. एखाद्या कोपऱ्यात डोकावले किंवा पडलेले वाद्य छेडले तरी पुण्य लागते, त्यामुळे हिशेबाचा कस उतरतो. आणि वही इतकी गुप्त, की अनेक खेळणारे ती असल्याचे न कळताच शेवटास पोहोचतात. स्त्रियांस ह्या स्थानकांत आई किंवा शेजारीण ह्यापलीकडे फारसे स्थान नाही. भुयारातील अर्धी माणसे जणू मुकी आहेत. हे दोष आम्ही सांगू शकतो ते खेळ पाहिला म्हणूनच. नुसत्या शिव्या देणाऱ्यास त्याचा खरा दोषही दाखविता येत नाही, आणि ज्यास खरा दोष दाखविता येत नाही त्याचे तरुणाने ऐकावे तरी का?

येथेच आमच्या वादाचे मर्म आहे. ह्या निवाड्याने खेळांचे काहीच बिघडत नाही. ते आपल्या वाटेने चालले आहेत. बिघडते ते आपले आणि आपल्या मुलांचे. वडील जेव्हा न पाहिलेल्या गोष्टीविषयी खात्रीने बोलतात, तेव्हा मुलास एवढेच कळते, की ह्यांची खात्री अनुभवाने आलेली नाही. मग तो हीच शंका पुढे नेतो: देवाविषयी, धर्माविषयी, पूर्वजांविषयी हे जे सांगतात, तेही असेच न पाहता, न विचार करता सांगत असतील काय? देवळाच्या पायरीवर बसलेला मुलगा आत का येत नाही, ह्याचे उत्तर त्याच्या हातांतील यंत्रातच आहे असे नाही. थोडे ते मंडपातील बैठकीतही आहे.

आश्रयाची कथा आपणांस परकी असावयास नको, हेही येथे सांगितले पाहिजे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी-तिसवाडीतील देवळे पाडण्यास आरंभ केला, तेव्हा आपल्या पूर्वजांनी देव उचलले आणि रातोरात नदी ओलांडली. श्रीमंगेश कुशस्थळीहून प्रियोळास आला, श्रीशांतादुर्गा केळशीहून कवळ्यास आली. ज्या अंत्रुज महालाने त्यांस जागा दिली तो त्या काळी विजापूरच्या आदिलशाहीच्या सत्तेखाली होता. परधर्मी राजाच्या मुलखात आपले देव सुखरूप राहिले. कित्येक घराणी कारवार, मंगळूर आणि थेट कोचीपर्यंत पांगली आणि तेथील लोकांनी त्यांस घरे थाटू दिली. देवळांभोवतीच्या ज्या अग्रशाळांत आज आपण उतरतो, त्यांच्या भिंतींत ती आठवण आहे. ज्यांचे देवच कधी काळी निर्वासित होते, त्या समाजास परक्याच्या दारात उभ्या असलेल्या माणसाची कथा कळू नये? आणि ती कथा एखाद्या यंत्रातून येते म्हणून तिचे तोंड पाहू नये?

तेव्हा आमची सूचना साधी आहे आणि तिला कोणत्याही ठरावाची गरज नाही. ज्यांच्या घरी वयात आलेला मुलगा किंवा मुलगी असले खेळ खेळते, त्यांनी एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसावे. यंत्र हिसकावून घेऊ नये, उपदेशही करू नये. फक्त तीन प्रश्न विचारावे. ह्या खेळात तुला कशाबद्दल बक्षीस मिळते? ज्यांस तू मारतोस ते कोण, आणि ते शत्रू आहेत हे तुला कोणी सांगितले? त्या स्थानकाच्या दारावर पहारा तुझा असता, तर तू दार उघडले असतेस काय? खेळ वाईट असेल तर ह्या तीन प्रश्नांतच त्याचा वाईटपणा मुलाच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडेल. मग तो टाकून द्यावयास सांगण्याचा अधिकार तुम्हांस राहील आणि त्यासही ते पटेल. खेळ चांगला असेल तर त्या संध्याकाळी एका घरात अशा विषयावर बोलणे होईल, की ज्यासाठी आपण एरवी प्रवचनकारास बोलावतो.

आणि ज्यांस एवढीही सवड नाही, त्यांनी निदान मंडपात बसून निवाडे देणे थांबवावे. भुयारातील त्या ग्रंथरक्षकांच्या सभेने आर्त्योमास मदत नाकारली खरी, पण त्यास समोर उभे करून त्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले तरी. आपल्या पायरीवर बसलेल्या मुलास आपण अजून आत बोलावलेलेही नाही.